साडेपाचशे किलोच्या गाडीला इंजिन कोणतं? आधी मागचा एक्सल ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जालन्यात वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तिथेच स्टील ट्यूबच्या चेसिसवर दोन सीटची, उघडी, हलकी स्पोर्ट्‌स कार बनवताय. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. चेसिस टॅक करून (वेल्डिंगचे कच्चे टाके मारून) उभी आहे आणि तयार गाडीचं वजन साडेपाचशे किलोच्या आत ठेवायचा बेत आहे. इंजिन आणि बाकी सुधारणा मिळून अडीच लाखांची तयारी आहे. समोर चार पर्याय आहेत: ओम्नीचं ७९६ सीसी, ईकोचं १.२ लिटर, जिप्सीचं १.३ लिटर आणि केटीएम ३९० चं बाईकचं इंजिन. शिवाय मित्र स्विफ्टचं घे म्हणून मागे लागलेत. यातलं कोणतं घ्यावं, आणि उरलेल्या पैशांत गाडी चपळ कशी करावी?

मी छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याला इंजिनाच्या मशीनिंगचं काम करतो आणि ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या जागेत आखलेल्या वळणांच्या मार्गावर घड्याळाशी शर्यत), ट्रॅकच्या गाड्या बांधून देतो. त्या कामावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. तुम्ही इंजिनांची तुलना करताय, पण तुम्हाला निवडायची आहे ती इंजिनापासून मागच्या चाकापर्यंतची सगळी साखळी: क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, एक्सल, आणि इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, वायरिंगसकट. देवणीची देखणी बैलजोडी दारात आणली आणि जू, जुपण्या काहीच घरात नाही, अशी अवस्था अर्धवट सोडलेल्या बहुतेक घरगुती गाड्यांची असते. इंजिन स्वस्तात मिळतं. ते मागच्या चाकाशी जोडताना पैसे संपतात.

तुमच्या प्रश्नात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. ही गाडी चालवणार कुठे? घरी बांधलेल्या चेसिसला आपल्याकडे सरळ आरटीओत जाऊन नंबर मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नव्या गाडीच्या नमुन्याची चाचणी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते. एका गाडीसाठी तो खर्च तुमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडचा आहे. ओम्नी किंवा ईकोच्या आरसीवर ही गाडी चालवू, असा सल्ला कुणी दिला असेल तर तो ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा बदल बसत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. म्हणून पुढचं सगळं मी ही गाडी ट्रेलरवरून नेऊन बंद जागेत, ट्रॅकवर आणि ऑटोक्रॉसमध्येच चालणार असं धरून लिहितो. समृद्धी महामार्ग जालन्याच्या दारातून जातो, रात्री मोकळाही दिसतो, पण तो चाचणीचा ट्रॅक नाही. तिथे दुसऱ्यांची माणसं प्रवास करत असतात.

आता आकडे. गाडी ५५० किलो आणि चालक ७५, म्हणजे ६२५ किलो. ओम्नीची सुमारे ३५ हॉर्सपॉवर धरली तर टनामागे ५६ पडते. ईकोच्या पहिल्या १.२ इंजिनाची ७३, म्हणजे टनामागे ११७. जिप्सी किंगच्या एमपीएफआय इंजिनाची ८०, म्हणजे १२८. केटीएम ३९० ची साधारण ४३. बाईकच्या इंजिनामुळे गाडी शंभर किलोने हलकी झाली असं उदार मनाने धरलं तरी टनामागे ८२. आता २०११ ची पेट्रोल स्विफ्ट बघा: ८५ हॉर्सपॉवर आणि चालकासकट हजार किलोच्या थोडं वर, म्हणजे तिचाही आकडा ८२ च्या आसपास. म्हणजे भरपूर उपद्‌व्याप करून बाईक इंजिनवाली गाडी स्विफ्टच्या बरोबरीला येणार, आणि शाळेची पोरं वाहणाऱ्या ईकोचं साधं इंजिन तिला सहज मागे टाकणार. वजन कमी असण्याचा हा खरा फायदा आहे. साधं इंजिनही पुरतं.

बाईक इंजिनाबद्दल आणखी थोडं, कारण तरुण मुलांना त्याचीच ओढ जास्त असते आणि ती मला समजते. तो सिक्वेन्शियल गिअर, ते दहा हजारांच्या जवळ जाणारे आरपीएम, मजा आहेच. टॉर्क कमी हा त्याचा खरा दोष नाही. तो गिअरिंगने भरून काढता येतो. अडचणी वेगळ्याच आहेत. दीडशे-पावणेदोनशे किलोच्या बाईकसाठी केलेला क्लच सव्वापाचशे किलो जागेवरून हलवताना घसरत राहतो आणि जळतो. रिव्हर्स नाही. चेन, स्प्रॉकेट आणि डिफरन्शियलची जुळणी तुम्हालाच बनवावी लागेल. आणि एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात: बाईक वळणावर कलते, त्यामुळे तिच्या संपमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) ऑइल तळाशीच राहतं. कार कलत नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्यांमध्ये हेच इंजिन चालतं हे खरं, पण त्या गाड्या तुमच्या गाडीपेक्षा खूप हलक्या असतात आणि त्यामागे अख्ख्या कॉलेजची टीम राबत असते.

स्विफ्टचं के-सिरीज इंजिन माझ्याही आवडीचं आहे. पण ते आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसतं आणि त्याचा गिअरबॉक्स पुढच्या चाकांसाठी आहे. ते वापरायचं तर इंजिन, गिअरबॉक्स, सबफ्रेम सगळं उचलून चालकाच्या मागे ठेवणं हीच सरळ वाट. तुमची चेसिस पुढच्या इंजिनासाठी उभी आहे, म्हणजे अर्धी कापावी लागेल. पुढची गाडी बांधाल तेव्हा तसा विचार जरूर करा. डिझेलचा विषय सोडून देतो. ते लोखंडी ब्लॉकचं वजन या गाडीच्या नाकावर नको.

जिप्सी. इंजिन उत्तम, उभं म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं, ओढ मागच्या चाकांना देतं. तिची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळी, मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेली असते. ती काढून टाकली की गिअरबॉक्समधून थेट मागे जाता येतं. त्यात एक फायदाही आहे: ती केस हाय रेंजमध्येसुद्धा वेग सुमारे १.४ पटीने कमी करते, ती गेली की गिअर लांब होतात, म्हणजे त्याच आरपीएमला वेग जास्त मिळतो, आणि हलक्या गाडीला तेच हवं असतं. अडचण बाजाराची आहे. २०१९ नंतर सर्वसामान्यांना नवी जिप्सी मिळेनाशी झाली आणि ऑफरोडवाले जुन्या जिप्सीचा नट-बोल्टही सोडत नाहीत. इंजिनाला जिप्सीच्या नावाचे पैसे पडतात आणि एक्सल जड आहे.

ओम्नी स्वस्त आहे, हलकी आहे, आणि गाडी चालवायला शिकण्यासाठी वाईट नाही. पण ३५ हॉर्सपॉवरवर तुमचं मन वर्षभरात भरेल आणि मग सगळं पुन्हा काढाल. दोनदा बांधण्याचा खर्च धरला तर ती स्वस्त राहत नाही.

म्हणून माझं मत ईको. २०१० पासून बाजारात आहे, इंजिन उभं, ओढ मागच्या चाकांना, प्रोपेलर शाफ्ट आणि अखंड मागचा एक्सल, सगळं एकाच गाडीतून मिळतं. पार्ट प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. १०१ न्यूटन-मीटरचा टॉर्क ३००० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे ऑटोक्रॉसच्या आखूड वळणांतून बाहेर पडताना गिअरशी झगडावं लागत नाही. आणि नशिबाने कुठे मारुतीच्याच जुन्या व्हर्सा व्हॅनचा सेट मिळाला, तर डोळे झाकून नाही, पण कॉम्प्रेशन तपासून लगेच उचला. मांडणी तीच, इंजिन १.३ लिटरचं आणि ८२ हॉर्सपॉवरचं. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली: स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) दोन्हींचा ७५.५ मिलिमीटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) मात्र ईकोचा ७१ आणि व्हर्साचा ७४. हे वाचून ईकोचं बोअर ७४ करू असं मनात येईल. करू नका. तीन मिलिमीटर काढल्यावर सिलिंडरच्या भिंतीत काय उरेल याचा भरवसा नाही.

ईको घेताना कुठली, हे महत्त्वाचं. आपल्या भागात ईको म्हणजे शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, नाहीतर गावोगावची प्रवासी गाडी. किलोमीटर प्रचंड असतात आणि मीटरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करूनच घ्या. आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये फरक किती हे बघा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर चाललेली गाडी असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे सीट आत बसलेले असू शकतात. टॅपेट क्लिअरन्स मोजलं की कळतं. बीएस-६ पेक्षा आधीची गाडी घ्या, सेन्सर कमी आणि वायरिंग सोपं. ईसीएम, हार्नेस, मीटर, किल्ली, पेडलपर्यंत सगळं एकाच गाडीतलं घ्या. नुसतं इंजिन घेऊन ईसीएम नंतर शोधू म्हणणारे महिनोन्‌महिने शोधतच राहतात. आणि आरसीची प्रत, विकणाऱ्याची पावती आणि इंजिन नंबरचा फोटो घेतल्याशिवाय भंगारातून काही उचलू नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिसांच्या दारात तुमचे वडील उभे राहतील.

बसवताना इंजिन मूळ गाडीत ज्या कोनात होतं त्याच कोनात ठेवा, नाहीतर संपमधली ऑइलची पातळी आणि पिकअप दोन्ही चुकतात. प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागेल. कापून वेल्ड करणं तुमच्या वर्कशॉपमध्ये होईल, बॅलन्सिंग मात्र मशीनवरच करून घ्या. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन सारखे यायला हवेत, नाहीतर गाडी एका ठरावीक वेगाला थरथरत राहील.

सुधारणांकडे येतो. इथे मला मराठवाड्यातल्या परिस्थितीवर बोलायचं आहे, कारण परदेशातले व्हिडिओ बघून केलेली खरेदी इथे उपयोगी पडत नाही. आपण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहोत आणि एप्रिल-मेमध्ये सावलीत ४० अंश सहज असतं. किनाऱ्यावरच्या २५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर आपली हवा साधारण दहा टक्के विरळ पडते, आणि तेवढी ताकद काही न करता गेलेली असते. त्यात इंजिनाच्या बाजूचीच गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर लावला की आणखी जाते. म्हणून पहिली स्वस्त सुधारणा म्हणजे नाकाजवळून थंड हवा आणणारा पाइप आणि बंद डब्यातला कंपनीचाच कागदी फिल्टर. उघडे बेलमाउथ (हवा ओढणारे कर्णे) फोटोत छान दिसतात, पण काळ्या मातीची धूळ एका उन्हाळ्यात रिंग खाऊन टाकते.

दुसरी रेडिएटरची. ईकोचा रेडिएटर चालेल, पण नाकातून येणारी सगळी हवा त्यातूनच जायला हवी. बाजूच्या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करा, पंख्याला श्राउड लावा, गरम हवेला बॉनेटमधून बाहेर पडायला वाट ठेवा. हे तुमच्या वर्कशॉपमध्ये मजुरीच्या पैशांत होतं आणि महागड्या रेडिएटरपेक्षा जास्त काम करतं. आणि त्यात बोअरवेलचं पाणी कधीही टाकू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की हेडमधल्या पाण्याच्या वाटांवर थर बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, अर्धं अर्धं.

तिसरी संपची. पत्र्याच्या आडव्या पट्ट्या वेल्ड करून ऑइल पिकअपभोवती थांबवणारा बॅफल, आणि डॅशवर खरा ऑइल प्रेशर गेज. नुसता लाल दिवा पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. जुन्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप इंजिन बाहेर असतानाच बदला.

यानंतरचे पैसे इंजिनावर नाहीत, चाकांवर घाला. टायर हीच सगळ्यात मोठी सुधारणा. १३ इंचांचेच राहू द्या, १६५ किंवा १७५ रुंदी पुरे; या वजनाला जास्त रुंद टायर तापतच नाही आणि न तापलेला टायर पकडत नाही. बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघून घ्या, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चार-पाच वर्षं दुकानात पडलेला टायर कितीही नवा दिसला तरी रबर कडक झालेलं असतं. हवा ईकोच्या दारावर लिहिली आहे तेवढी भरू नका. थंड टायरमध्ये १८ ते २२ पीएसआयपासून सुरुवात करा आणि चार फेऱ्यांनंतर टायरच्या मधल्या आणि कडेच्या भागाचं तापमान बघून ठरवा.

मागच्या स्प्रिंगा. ईकोच्या स्प्रिंगा माणसं आणि सामान भरून चालण्यासाठी आहेत. तुमच्या गाडीखाली त्या हलणारच नाहीत. खड्डा आला की एक्सल उड्या मारेल आणि वेग घेताना चाक फिरत राहील. गाडी खाली बसवायला गॅस कटरने कॉइल कापणारे खूप आहेत. कॉइल कापली की स्प्रिंग आणखी कडक होते, तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट, आणि कटरच्या आचेने पोलादाचं पाणीही उतरतं. मऊ स्प्रिंग वजन मोजून बनवून घ्या आणि शॉक ॲबसॉर्बर त्या स्प्रिंगला जुळतील असे घ्या. इथे खर्च होईल, होऊ द्या.

ब्रेक. ईकोच्या पुढच्या डिस्क या वजनाला भरपूर आहेत, त्या मोठ्या करू नका. चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल पुरे. बूस्टर काढणार असाल तर पेडलचं लीव्हर प्रमाण पाच-सहास एक करावं लागेल, नाहीतर पाय दुखेल पण गाडी थांबणार नाही. मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करता येणारा व्हॉल्व्ह लावा, आणि पुढची चाकं आधी लॉक होतील असं सेटिंग ठेवा.

रोलबारवर, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीवर, तडजोड नको, आणि हे मी तुमच्या वडिलांनाही वाचून दाखवा म्हणेन. जालन्याचं पोलाद म्हणजे सळई, ते घरासाठी. रोलबारला कोल्ड ड्रॉन सीमलेस ट्यूबच लागते. मुख्य कमानीला एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमातलं माप ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी असं आहे. फर्निचरचा पाइप किंवा जीआय पाइप दिसायला तसाच असतो, पण उलटल्यावर शिवणीवर फाटतो, आणि जीआय वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो.

हे सगळं झाल्यावर पैसे उरले तरच इंजिनाच्या ताकदीकडे वळा. एक्झॉस्टचा ४-२-१ हेडर तुम्ही घरी बनवू शकता, पण ईसीएम मूळचाच असेल तर फायदा थोडाच मिळेल. कॅम ग्राइंड करून घेणं, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं या गोष्टी प्रोग्रॅम करता येणाऱ्या ईसीएमशिवाय करू नका. खालचा टॉर्क जातो आणि आयडलिंग बिघडतं. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याचं ऑक्टेन चांगलं आहे, पण त्याला इंधन जास्त लागतं: शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला एक, ई-२० ला साधारण साडेतेराला एक. ईकोचा ऑक्सिजन सेन्सर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो, मात्र जुने रबरी पाइप आधी बदलून घ्या. फ्लायव्हील लेथवर हलकं करून घ्यायचं असेल तर बाहेरच्या कडेचं थोडंच काढा आणि क्लचसकट बॅलन्स करा. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) फ्लायव्हीलला खोल काप देऊन ते साडेसहा हजारांवर फिरवणं म्हणजे चालकाच्या पायाशी स्फोट ठेवण्यासारखं आहे.

पैशांचा क्रम असा धरा: अडीच लाखांतला जास्तीत जास्त तिसरा हिस्सा अख्ख्या ईको सेटला, त्यानंतर रोलबार, बेल्ट आणि ब्रेक, मग टायर आणि सस्पेन्शन, मग कूलिंग आणि ऑइल. पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा, तो बोल्ट, होज, वायर आणि ट्रेलरच्या भाड्यात जाईलच. गाडी धावू लागली की पहिली चाचणी कुणाच्या तरी खाजगी, मोकळ्या जागेत, परवानगी घेऊन, हेल्मेट आणि अग्निशामक सोबत ठेवून करा. नंतर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर न्या. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या वर्षीच्या नियमांत घरगुती चेसिसला कोणता गट लागतो हे आयोजकांना रोलबार वेल्ड करण्याआधीच विचारा, नंतर नाही.

एक गोष्ट मात्र मला इथून ठरवता येत नाही: तुमच्या हाती येणाऱ्या एक्सलचं गुणोत्तर. ते तुम्हीच मोजा. एक मागचं चाक जमिनीवर टेकवून ठेवा, दुसरं जॅकवर उचला, गिअर न्यूट्रलमध्ये. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन वेळा फिरवा आणि शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजा. तोच आकडा गुणोत्तर. तो आकडा, टायरचा बाहेरचा घेर आणि तुमच्या चेसिसमधलं गिअरबॉक्सच्या टोकापासून पिनियनपर्यंतचं (शाफ्ट एक्सलला जोडतो तिथपर्यंतचं) अंतर, एवढं कळवा. कोणत्या गिअरला किती वेग मिळेल आणि शाफ्ट किती लांबीचा कापायचा, ते मी हिशेब करून सांगतो.